राहतं दिसणारं घर

१

"तिच्याच नावार घेया. ती काय्येक बोलाची नाय."

सासूबाई हे स्वयंपाकघरात बांगडे साफ करताना म्हणाल्या तेव्हा मी मागच्या पायरीवर शेवग्याचा पाला निवडत बसले होते. त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. ही डाळ लवकर शिजते म्हणावं, तसं त्या म्हणाल्या.

"आये, तिका इचारूया तरी," माझा नवरा कौस्तुभ म्हणाला.

"इचार मगे. नाय कोण म्हणता?" हे दाजी, माझे सासरे.

जेवताना मला विचारलं. मी मान हलवली. म्हणजे आईंचा अंदाज बरोबरच निघाला.

घराची कल्पना दाजींची. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते मोबाईलवर गुंतवणुकीचे व्हिडिओ बघतात आणि ताटावर बसलं की आम्हाला शिकवतात. आधी कर्ज न काढता, घरातले सगळे पैसे एकत्र करून पडून राहिलेलं एखादं घर घ्यायचं. एकरकमी पैसे दिसले की विकणारा खाली येतो. मग तेच घर नीटनेटकं करून बँकेत तारण ठेवायचं, अडकलेले पैसे मोकळे करायचे, आणि त्यातून पुढचं घर. "पैसो तोच, घरां वाढत जातत," दाजी म्हणायचे. शिवाय बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडतं. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं आणि घरातलं माझं स्थान एक टक्का असं निश्चित झालं होतं.

पण खोटं कशाला सांगू, त्यात माझाही जीव गुंतला होता. लग्नाआधी मी दोडामार्गहून रोज गोव्यात औषधांच्या कारखान्यात जायचे, तपासणी विभागात. डी. फार्म केलेलं. त्या नोकरीचा माझा सगळा पीएफ या घरात गेला. बँकेचे पैसे आले की पहिले माझे द्यायचे आणि त्यात कुडाळला माझं औषधांचं दुकान, असा शब्द दाजींनी सगळ्यांसमोर दिला होता. गाळाही मी बघून ठेवला होता. समोर एस.टी. थांबते, बाजूला दोन डॉक्टर. झोप येत नसली की मी मनातल्या मनात त्या गाळ्यात फळ्या लावायचे.

२

घर खाडीच्या काठाला, चिऱ्याचं, वर कौलं. पुढे पडवी, मध्ये बिनखिडकीचं माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, परसात विहीर. विकणारे मुंबईचे. ते खरेदीखताला आले, सही केली आणि चहाही न घेता गेले.

आमच्याकडे घरात पाऊल टाकायच्या आधी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे नारळ घेऊन देवाकडे मोठ्याने मागणं मागतात. ते घालायला गावातले परशुरामकाका आले. घर बंदच होतं, किल्ली दाजींच्या खिशात. आम्ही सगळे अंगणात. काकांनी नारळ हातात घेतला आणि विचारलं, "हंय रवतला कोण?"

दाजी थांबले. पर्यटकांना भाड्याने द्यायचंय हे देवाला कसं सांगायचं, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

"सांगूक व्हया," काका म्हणाले. "बंद घराचा गाऱ्हाणा मी घालूचंय नाय."

दाजींनी माझ्याकडे बोट केलं. "ही. हीच रवतली."

काकांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या धन्या, आज ह्या घराची मालकीण तुझ्या पायाशी उभी आसा. ती हंयच रवतली, सांजवेळाक दिवो लावतली. तिचा बरा कर, तिका सुखान नांदव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दाजी, कौस्तुभ आणि दोघे शेजारी एका सुरात म्हणाले.

त्यांचे आवाज थांबले, आणि मग घरातून, माजघराच्या अंगाने, आणखी एक "व्हय" आलं. हळू. हाक मारल्यावर काम करणारी बाई हातातलं न सोडता आतून ओ देते ना, तसं.

मी कौस्तुभकडे बघितलं. तो नारळाकडे बघत होता. रिकामं घर घुमतं, मी स्वतःला सांगितलं. पण चार पुरुषांचा प्रतिध्वनी बाईचा यायचा नाही, इतपत विज्ञान मी शिकले होते. मग वाटलं, शेजारच्या घरातून आला असेल. शेजारचं घर माडांच्या पलीकडे होतं. तरी मी तेच धरून ठेवलं.

परतताना रिक्षात आई म्हणाल्या, "देवाक खोटा कित्याक सांगलास?"

"तसा म्हणाचा लागता गो," दाजी म्हणाले. "देव काय मोजणी करूक येता?"

३

मोजणी करायला बँकेचा माणूस येणार होता. कौस्तुभ बँकेत चौकशी करून आला. बंद घरावर, नाहीतर धंद्यासाठी घेतलेल्या घरावर, कर्ज द्यायला ते कुरकुरतात. मालक स्वतः राहत असला की काम सोपं. थोडक्यात, घर राहतं दिसायला हवं होतं.

म्हणून माझी नेमणूक झाली. कौस्तुभ मालवणला जेटीवर बोटींचं बुकिंग घेतो. सकाळी जाताना तो मला तिथे सोडायचा, आणि संध्याकाळी तुळशीत दिवा लावला की घेऊन जायचा. मधल्या वेळात मी राहायचं. दशावतारात एक बाकडं मांडलं की दरबार होतो. मी आईंची दोन जुनी पातळं दोरीवर टाकली, न्हाणीत नवा साबण ठेवला, आरशापुढे कंगवा, चुलीशी चार डबे. कोकमाचे रातांबे निघायचे दिवस होते, म्हणून थोडे फोडून त्यांची सोलं पडवीत चटईवर पसरली. पसरली म्हणजे ओतलीच. बघणाऱ्याला लाल रंग दिसला की झालं.

पहिले दिवस छान गेले. सासरी मला पहिल्यांदाच एकटीला पंखा मिळाला.

मग एक दिवस दुपारी जेवून उठले आणि पडवीत गेले तर सोलं पालथी होती. सगळी. एकही एकीवर चढलेली नाही, कडेला कड लावून मांडल्यासारखी. वाऱ्याने उलटतात, पण वारा ओळी धरत नाही. मी ती गोळा करून पुन्हा मुद्दाम ओतली, बोटाने विस्कटली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा ती पुन्हा ओळीत होती. आणि ओली. कोणीतरी ती त्यांच्याच रसात बुडवून परत वाळत घातली होती, जशी घालायची असतात तशी.

मग मी साबण बघितला. मी तो एकदाही वापरला नव्हता. वरची अक्षरं पुसून गेली होती आणि एक बाजू झिजून आत गेली होती.

कारखान्यात असं काही आढळलं की आम्ही आधी स्वतःवर संशय घ्यायचो. हात नीट धुतले का, भांडं तेच का. मी तो संशयही घेऊन बघितला. परसाचं दार लावलं, पडवीला आतून कडी घातली, शेजाऱ्यांची मांजर हाकलली. काही फरक पडला नाही. मी सगळं दाखवण्यासाठी मांडत होते, आणि कोणीतरी ते वापरत होतं.

४

आवाज फक्त दुपारचे यायचे. नारळ खवल्याचा आवाज. घरात खवणी नव्हती. न्हाणीत तांब्या ठेवल्याचा आवाज. मी उठले की थांबायचे, बसले की थोड्या वेळाने पुन्हा सुरू. माझी चाहूल लागली म्हणून घाबरून थांबल्यासारखे नव्हते ते. सासरा दारात आला की बायका जरा थांबतात, तसे.

कौस्तुभला सांगितलं. तो हसला नाही, हे त्याच्याबद्दल मला नेहमी आठवेल. एक दिवस बुकिंग मित्रावर टाकून तो दुपारभर माझ्याबरोबर बसला. काही वाजलं नाही.

"प्राजू, जमत नसात तर नको येव," तो म्हणाला. "बगू काय ता."

"आणि दुकान?"

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

खरं कारण एकटं दुकान नव्हतं. त्या घरात मी बोलायला लागले होते. घरी मी दिवसभरात म्हणते ती वाक्यं एका हातावर मावतील. तिथे मी मोठ्याने बोलायचे. आधी धीर यावा म्हणून, मग सवयीने. आज ऊन कडक आहे. दाजींनी नवा व्हिडिओ बघितलाय, आता माजघराची भिंत पाडून दोन खोल्या काढायच्या म्हणतात, एसी लावून. निघताना म्हणायचे, "उद्या येतंय हां." आणि एकदा माजघरातून आलं, "व्हय."

माझ्या हातातली चप्पल खाली पडली. तरी दुसऱ्या दिवशी निघताना मी तेच म्हटलं, आणि थांबले. "व्हय."

मग मी करायला नको होतं ते केलं. तपासणीची खोड. भर दुपारी पडवीत उभी राहून मी माजघराच्या उघड्या दाराकडे तोंड केलं आणि स्पष्ट म्हटलं, "मी हंय रवणंय नाय. बँकेक दाखवूक माका हंय बसवल्यानी हा. कर्ज गावला की हंय पाव्हणे येतले."

आधी काहीच झालं नाही. फक्त घर गप्प झालं. पंख्याचा आवाज होता, पण तो लांबून आल्यासारखा. मग माजघराचं दार हळूहळू लोटलं गेलं, कोणी रागावून आपटतं तसं नाही, नीट, चौकटीला बसेपर्यंत. आणि आतून कडी सरकली. लोखंडावर लोखंड घासत ती शेवटपर्यंत गेली आणि टेकली.

मी विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. संध्याकाळी स्कूटरचा आवाज आल्यावरच आत गेले. माजघराचं दार रोजच्यासारखं उघडं होतं. मी कौस्तुभला कडी ओढून बघायला सांगितली. ती गंजून चौकटीला धरली होती. दोन्ही हातांनी ओढूनही केसभर हलली नाही.

"ही खूप वर्सां हलाक नाय," तो म्हणाला.

त्या दिवशी स्कूटरवर त्याच्या मागे बसल्यावर मला समजलं. दाजींनी बोट माझ्याकडे केलं होतं. पण बोट आतून दिसत नाही. आतून फक्त ऐकू येतं. घराची मालकीण आहे, ती इथेच राहील, तिला सुखाने नांदव. कोण होती, कोणाची, का राहिली, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण तिच्याबद्दल कोणीतरी देवासमोर असं बोललं होतं, आणि ती हो म्हणाली होती.

५

बँकेचा माणूस यायच्या आदल्या दिवशी आई माझ्याबरोबर आल्या. घर झाडून घ्यायला, म्हणाल्या. झाडायला काही नव्हतं. जमीन आरशासारखी होती.

"तू बरा ठेवलंस गो," त्या म्हणाल्या.

मी केरसुणी न वापरताच कोपऱ्यात ठेवली.

दुपारी आम्ही पडवीत आडव्या झालो. मला वाटतं त्यांना डोळा लागला होता. मग नारळ खवल्याचा आवाज सुरू झाला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. त्या उठल्या नाहीत. आवाज थांबेपर्यंत तशाच पडून राहिल्या, आणि मग कूस बदलून माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "माझ्याय नावार एक जमीन आसा. खंय आसा ता माका म्हायत नाय."

"दाजींका इचारूचा ना."

"इचारलंय. म्हणाले, तुका जावचा आसा काय थंय?"

आम्ही दोघी हसलो. आतून कोणी हसलं नाही, पण काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, वाटीसारखा. आईंनी हात मागे करून माझं मनगट धरलं आणि निघेपर्यंत सोडलं नाही.

६

बँकेचे साहेब सकाळी आले. सत्यवान नाव, सभ्य माणूस, बूट पायरीवर काढून ठेवणारा. आम्ही सगळे आधीच पोचलो होतो. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कौस्तुभने अंगणात खुर्च्या मांडल्या, आणि मी चहाच्या पाण्यासाठी कळशी घेऊन मागे विहिरीवर गेले. साहेब मोजायचं यंत्र घेऊन एकटेच घरात शिरले.

कळशी भरून मी घराला वळसा घालून पुढे आले तेव्हा ते बाहेर येऊन खुर्चीत बसत होते.

"घर छान ठेवलंय," ते दाजींना म्हणाले. "मालकीणबाई आत सोलं उलटतायत. मी विचारलं, तुम्हीच राहता ना इथं? तर व्हय म्हणाल्या. बस, एवढंच. अगदीच अबोल आहेत."

"तशीच ती," दाजी कौतुकाने म्हणाले. आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

साहेबांनी वळून बघितलं. "ह्या कोण?"

आई खुर्चीत होत्या, कौस्तुभ खांबाला टेकून, दाजी समोर, मी कळशी कमरेवर घेऊन. आत असेल असं आमच्यातलं कोणी उरलं नव्हतं. मी कळशी खाली ठेवली आणि आत गेले.

पडवीतली चटई तिथे नव्हती. ती माजघरात होती. आत अंधार होता, पण कौलातल्या काचेतून एक पट्टा खाली पडला होता, आणि त्यात एक हात होता. ओला, कोपरापर्यंत लाल झालेला. तो सोलं उलटत होता, एक एक करून, न घाई करता. हाताच्या मागे दोरीवरचं निळं पातळ होतं, डोक्यावरून घेतलेलं. तोंड भिंतीकडे. मी उंबऱ्यात उभी राहिले. मला पळता आलं असतं. पाय शाबूत होते, मला चांगलं आठवतं.

हात थांबला. तिने मागे बघितलं नाही. तिने बसल्या जागीच थोडं सरकून घेतलं, आणि चटईवर तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.

मी बाहेर आले.

अंगणात दाजींनी तोवर सावरून घेतलं होतं. "मालकीण हीच, साहेब. आतली शेजारीण असतली. मदतीक येतत बायका." साहेबांचा चेहरा जरा मोकळा झाला होता. त्यांनी मांडीवरच्या फळीवर कागद फिरवून माझ्याकडे केला आणि पेन दिलं.

"हे सगळ्यांना विचारावं लागतं, मॅडम," ते म्हणाले. "घरात मालकाशिवाय दुसऱ्या कोणाचं राहणं नाही, ताबा नाही. असं लिहून तुमची सही. म्हणजे माझं काम संपलं, पैसे पंधरवड्यात."

पेन माझ्या हातात होतं. मला तो गाळा दिसला, एस.टी.चा थांबा, दोन्ही डॉक्टर, मी लावलेल्या सगळ्या फळ्या. दाजी पेनकडे बघत होते. कौस्तुभ माझ्याकडे बघत होता. आई दाराकडे.

साहेबांशी मी नीट शुद्ध बोलायचं असं घरून निघताना ठरलं होतं. पण मला ते आतही ऐकू जायला हवं होतं, म्हणून मी पेन कागदावर आडवं ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं,

"ह्या घरात एक बाई रवता. आमच्या आदीपासून रवता. तसा लिवा, साहेब. तिका उठवून माका दुकान नको."